हौद्यातल्या आठ फळ्या

पावसाळा सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले की घरातले एखादे दार हट्टाला पेटते. उन्हाळ्यात नुसत्या बोटाने ढकलले तरी लागणारे ते दार आता चौकटीत अडकते, खांदा लावावा लागतो, आणि मग कोणीतरी म्हणते, ‘दार फुगलंय.’ सुतार बोलावला तर तो कडेवरून चार वेळा रंधा मारतो. दसरा-दिवाळी उलटते, हवा कोरडी होते आणि त्याच दाराच्या कडेला बोट जाईल एवढी फट दिसू लागते. मग आपण सुताराला नावे ठेवतो.

या फुगण्याकडे तुम्ही कधी नीट लक्ष दिले आहे काय? जुन्या वाड्यांतली दारे उभ्या फळ्या शेजारी शेजारी ठोकून केलेली असतात. असे दार रुंदीला फुगते. उंचीला मात्र ते वाढल्याचे कोणी सांगत नाही. फळी तीच, पाणी तेच. मग एका दिशेला लाकूड वाढावे आणि दुसऱ्या दिशेला वाढू नये, असे का?

या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकातून ठाऊक होते. वर्गात मी ते वीस वर्षे सांगतही आलो होतो. पण त्यातला आकडा केवढा मोठा असतो, हे मला एका जुन्या मोटारीच्या हौद्याने शिकवले. ती हकीकत तुम्हांला सांगतो.

२०१८ सालच्या जुलै महिन्यात मी माझ्या मावसभावाकडे अमेरिकेतील ओहायो राज्यात गेलो होतो. त्याच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. आयुष्यभर शाळेची बस चालवून ते निवृत्त झाले होते. त्यांच्या गॅरेजमध्ये १९५३ सालची शेवरोले पिकअप होती. पिकअप म्हणजे पुढे दोघा-तिघांना बसायला छोटी केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली मालमोटार. ही त्यांच्या वडिलांची. वडील शेतकरी होते. धान्याची पोती, दुधाचे कॅन, कुंपणाचे खांब, सगळे त्या हौद्यातून गेलेले. हौद्याच्या डाव्या बाजूच्या पत्र्यावर वडिलांनी आपल्या हाताने पांढऱ्या रंगात शेताचे नाव लिहिले होते. अक्षरे काही सुबक नव्हती, पण मुलाने गाडीचा सगळा रंग नवा केला तेव्हा तेवढा भाग तसाच राखला होता.

आता तुम्हांला नवल वाटेल ते असे की या पिकअपच्या हौद्याची जमीन लाकडाची असे. शेवरोलेच्या या जातीच्या मोटारी १९४७ ते १९५५ या काळात निघाल्या. त्यांच्या हौद्याच्या बाजू पोलादी पत्र्याच्या, मागचा फाळका पत्र्याचा, पण तळ फळ्यांचा. एवढ्या मोठ्या कारखान्याला पत्र्याचा तळ करता येत नव्हता असे नाही. मग लाकूड कशासाठी?

थोडे गणित करून पाहू. त्या फळ्या पाऊण इंच, म्हणजे १९ मि.मी. जाड असतात. ओकच्या लाकडाची घनता सुमारे ७५० किलोग्रॅम प्रति घनमीटर धरा आणि पोलादाची ७८५०. म्हणजे १९ मि.मी. जाडीच्या फळीच्या वजनात पोलादाचा पत्रा मिळेल तो १.८ मि.मी. जाडीचा. फळी पत्र्याच्या साडेदहा पट जाड झाली. आता एखाद्या पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतो. साडेदहाचा घन सुमारे ११५७. पोलादाचा यंगचा गुणांक मात्र ओकच्या साडेसोळा-सतरा पट आहे. पोलादाचा २०० गिगापास्कल, ओकचा तंतूंच्या दिशेने १२. तेव्हा ११५७ ला त्याने भागा. उत्तर येते जवळजवळ ७०. सारख्याच वजनाचा सपाट पत्रा आणि ओकची फळी दोन आधारांवर ठेवली, तर तंतूंच्या दिशेने फळी पत्र्याच्या सत्तर पट ताठ राहते. पत्र्याला हे साधायचे तर त्याला पन्हळी पाडाव्या लागतात. छपराचा पत्रा पन्हळी असतो तो याच कारणाने. पुढे मोठमोठ्या दाबयंत्रांवर एका ठोक्यात पन्हळीदार तळ तयार होऊ लागले, लाकूड कुजण्याची कटकट नको झाली, आणि फळ्या मागे पडल्या. तरी त्या एकदम गेल्या नाहीत. शेवरोलेच्या काही पिकअपमध्ये त्या १९८० नंतरच्या दशकातही होत्या. मालाचे मोठे पेटारे, ज्यांना आपण कंटेनर म्हणतो, त्यांचा तळ तर आजही बहुधा २८ मि.मी. जाडीच्या प्लायवुडचा असतो. लाकडावर जड पेटी आदळली तर पत्र्यासारखा पोचा पडत नाही, आणि एक फळी मोडली तर तेवढीच बदलता येते. आपल्याकडच्या मालमोटारींचे हौदे बांधणारे मिस्त्रीही हेच सांगतील. १९२८ मध्ये याच शेवरोलेच्या कंपनीने, जनरल मोटर्सने, मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. आपल्याकडे मालमोटारीचा नुसता सांगाडा घ्यायचा आणि हौदा इथल्या सुतार-लोहारांकडून बांधून घ्यायचा, ही पद्धत पुढे कितीतरी वर्षे चालत आली.

असो. आता त्या ओहायोच्या गॅरेजमध्ये परत येऊ.

मी गेलो त्याच्या आधीच्या जानेवारीत त्या गृहस्थांनी हौद्याचा तळ नवा केला होता. जुन्या फळ्या कुजल्या होत्या. त्यांच्या शेताच्या कडेचा एक पांढरा ओक वादळात पडला होता, त्याच्याच फळ्या कापून, भट्टीत वाळवून घेतल्या. ओक म्हणजे आपल्या हिमालयात होणाऱ्या बांज वृक्षाच्या कुळातले झाड. लाकूड घट्ट आणि टिकाऊ. पिंपे करायला तेच वापरतात. हौद्याची रुंदी ५० इंच, म्हणजे १२७० मि.मी. फळ्या आठ. घरातल्या तापवलेल्या कार्यशाळेत त्यांनी त्या हिवाळाभर ठेवल्या, रंधल्या आणि एकमेकींना इतक्या घट्ट भिडवून बसवल्या की मध्ये पोस्टकार्डही जाऊ नये. थेंबभरसुद्धा पाणी खाली गळता कामा नये, हा त्यांचा आग्रह. बोल्ट जाण्यापुरत्या कडांना अर्धगोल खाचा पाडल्या. वरून पारदर्शक व्हार्निश दिले. फळ्यांची टोके काळ्या रंगाने बंद केली. काम इतके देखणे झाले की मावसभाऊ सांगत होता, गल्लीतले लोक बघायला आले होते. त्यांतल्या दोन फळ्यांवर तर वाघाच्या अंगासारखे चकचकीत आडवे पट्टे होते. ते मीही नंतर पाहिले आणि शोभेचे म्हणून सोडून दिले. या पट्ट्यांची आठवण ठेवा.

एप्रिल-मेमध्ये पाऊस झाला. गाडी बाहेर उभी होती. जूनमध्ये एक दिवस मागचा फाळका लागेना. आठवड्याने पाहतात तो हौद्याच्या दोन्ही बाजूंचे पत्रे बाहेरच्या अंगाला फुगलेले, आणि डाव्या पत्र्यावर वडिलांच्या अक्षरांमधून एक तडा गेलेला. एका अक्षराचा अर्धा पोपडा निघून खाली पडला होता. तो त्यांनी काड्यापेटीत जपून ठेवला होता. मला त्यांनी सर्वांत आधी ती काड्यापेटी दाखवली, गाडी मागाहून.

भावाने माझी ओळख पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक अशी करून दिली होती. त्यामुळे त्यांनी मला सरळच विचारले, ‘लाकूड एवढे ढकलू शकते का?’

पेंढी आणि वही

लाकडाचा तुकडा म्हणजे जोंधळ्याच्या ताटांची घट्ट बांधलेली पेंढी समजा. प्रत्येक ताट म्हणजे एक लांबट, पोकळ पेशी. झाड जिवंत असते तेव्हा या पोकळ्यांतही पाणी असते आणि पेशींच्या भिंतींतही मुरलेले असते. लाकूड वाळू लागले की आधी पोकळ्यांतले पाणी जाते. तोवर लाकडाचा आकार बदलत नाही, फक्त वजन घटते. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के एवढे पाणी उरले की पोकळ्या रित्या झालेल्या असतात. यापुढे भिंतींतले पाणी बाहेर पडू लागते. आकसणे सुरू होते ते इथून.

पेशींच्या भिंती मुख्यत्वे सेल्युलोजच्या. सेल्युलोज म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी. या साखळ्या बऱ्याचशा पेशीच्या लांबीच्या दिशेने पसरलेल्या असतात, आणि पाण्याच्या रेणूंना त्यांच्याविषयी फार ओढ असते. पाणी दोन साखळ्यांच्या मध्ये शिरते आणि त्यांना बाजूला सारते. साखळीची लांबी मात्र त्याने वाढत नाही. वही पावसात भिजली की जाड होते, पण तिची पाने काही हातभर लांब होत नाहीत, तसेच काहीसे. म्हणून दार रुंदीला फुगते, उंचीला नाही.

रुंदीतही पुन्हा दोन दिशा आहेत. झाडाचा ओंडका आडवा कापला की वार्षिक वलये दिसतात. केंद्राकडून सालीकडे जाणारी दिशा एक, आणि वलयाच्या कडेकडेने जाणारी दुसरी. पहिलीला त्रिज्येची दिशा म्हणू, दुसरीला स्पर्शिकेची. केंद्राकडून सालीकडे जाणारे पेशींचे बारीक पट्टे लाकडात असतात; ते त्रिज्येच्या दिशेने लाकडाला आवळून धरतात. त्यामुळे त्या दिशेने आकसणे कमी. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे १९१० साली स्थापन झालेली लाकडावर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे. तिने शेकडो जातींच्या लाकडांची मोजमापे करून ठेवली आहेत. पांढरा ओक ओल्यापासून पूर्ण कोरडा होईपर्यंत त्रिज्येच्या दिशेने ५.६ टक्के आकसतो, स्पर्शिकेच्या दिशेने १०.५ टक्के. लांबीच्या दिशेने बहुतेक सगळीच लाकडे ०.१ ते ०.२ टक्के, म्हणजे जवळजवळ नाहीच. आपला सागवान पाहा: २.५ आणि ५.८ टक्के. सागवानाला एवढा मान का, त्याचे निम्मे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आता राहिला प्रश्न हवेचा. लाकूड हवेशी सतत देवघेव करत असते. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात सुमारे ६ टक्के पाणी राहते. आर्द्रता ६५ टक्के झाली तर १२ टक्के. ओहायोच्या हिवाळ्यात बाहेर बर्फ असतो, पण तापवलेल्या घरातली हवा आपल्या विदर्भातल्या उन्हाळ्यासारखी कोरडी असते. म्हणजे जानेवारीत त्या फळ्यांमध्ये ६ टक्के पाणी होते आणि जूनमध्ये १२. फरक ६. तीस टक्क्यांमध्ये १०.५ टक्के बदल, तर सहांमध्ये २.१ टक्के. १२७० मि.मी. रुंदीला गुणा: २६.७ मि.मी.

मी हे गॅरेजमधल्या एका खोक्यावर पेन्सिलीने मांडले आणि जरा ऐटीतच म्हणालो, ‘सत्तावीस मिलिमीटर. एक इंचाहून थोडे जास्तच.’

ते गृहस्थ काही बोलले नाहीत. मला त्यांनी मागच्या खोलीत नेले. तिथे त्यांनी आठही फळ्या काढून जमिनीवर शेजारी शेजारी मांडल्या होत्या आणि शेवटच्या फळीवर खडूने आकडा लिहिला होता. जानेवारीत एकूण ५० इंच होत्या त्या आता ५० इंच आणि वर २४ मि.मी. भरल्या होत्या. त्यांनी ते मी यायच्या आधीच मोजले होते. माझ्या आणि त्यांच्या आकड्यांत तीन मि.मी.चा फरक होता. मी तो, पत्र्यावर दाबून फळ्यांच्या कडा चुरडल्या असतील, असे म्हणून उडवून लावला. इथे मी चुकलो. कसे ते पुढे येईल.

हा आकडा किती मोठा आहे ते कळण्यासाठी तुलना करा. तोच तळ पोलादाचा असता आणि तापमान ४० अंशांनी वाढले असते, तर प्रसरणांक ०.००००१२ धरून वाढ झाली असती ०.६ मि.मी. रेल्वेच्या रुळांमध्ये फटी कशाला ठेवीत, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. पण लाकडाची फळी दमट हवेने जे करते त्यापुढे पोलादाचे उष्णतेने होणारे प्रसरण किरकोळच म्हणायचे.

आणखी एक गंमत. बाजूचे पत्रे मुळीच हलले नसते आणि तळ मधोमध छपरासारखा वर उचलला गेला असता, तर किती उंच? पायथागोरस वापरा. अर्धी रुंदी ६३५, फुगलेल्या तळाची अर्धी रुंदी सुमारे ६४८. वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ काढले तर १३० मि.मी. येते, म्हणजे पाच इंच! एका इंचाने पाच इंचांचे छप्पर. बोल्टांनी तळ खाली धरून ठेवला म्हणून छप्पर झाले नाही, आणि तो सगळा जोर वडिलांच्या अक्षरांवर गेला.

जुन्या कारागिरांची युक्ती

उपाय सांगण्याची माझी घाई झाली. ‘प्रत्येक दोन फळ्यांमध्ये फट ठेवा,’ मी म्हणालो. ते गृहस्थ हसले आणि कोपऱ्यातून पोलादाची एक लांब पट्टी घेऊन आले.

अशा सात पट्ट्या कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक हौद्यात असत. मी त्या पाहिल्या होत्या, पण मला वाटले होते की जड पेट्या लाकडावरून न ओढता लोखंडावरून सहज सरकाव्यात, फळ्यांना कुसळे निघू नयेत, एवढ्यासाठी त्या आहेत. ते तर आहेच. पण पट्टीचे खरे काम वेगळे आहे. मूळ रचनेत फळ्या एकमेकींना चिकटून नसतातच. दोन फळ्यांमध्ये फट असते. प्रत्येक फळीच्या वरच्या कडेला उथळ खाच असते आणि पट्टी फट झाकून दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये बसते. बोल्ट फळीला भोक पाडून जात नाही. तो पट्टीच्या चौकोनी भोकातून, दोन फळ्यांमधल्या फटीतून, थेट खालच्या आडव्या पोलादी आधारात जातो. बोल्टची मान चौकोनी असल्यामुळे खालून नट आवळताना तो फिरत नाही. फळी अशी वरून दाबलेली असते, पण बाजूने मोकळी. ती फुगू शकते, आकसू शकते, आणि पट्टी एका इंचाहून रुंद असल्याने फट कधी उघडी पडत नाही. ज्यांनी ही रचना केली त्यांनी मॅडिसनचे कोष्टक पाहिले होते की नाही कोण जाणे. त्या गृहस्थांनी पट्ट्या लावल्या होत्या, बोल्टही लावले होते. फक्त फट तेवढी नको म्हणून काढून टाकली होती. फट म्हणजे कारखान्याचा ढिसाळपणा, असा त्यांचा समज होता. तो त्यांनी स्वतःच मला सांगितला, आणि तेही माझ्या सल्ल्याआधी दोन आठवडे त्यांना उमगले होते. मग मला विचारले कशाला? तर फट किती ठेवायची हे त्यांना माझ्याकडून हवे होते.

आपल्या गावातल्या लोकांना हे नवीन नाही. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात ती तापवून. लोखंड गार होताना आवळते आणि आरे, तुंबा सगळे घट्ट धरून ठेवते. पण उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि धाव सैल पडते. मग गाडीवान काय करीत? नदी लागली की चाके पाण्यात उभी करून ठेवीत. कोकणात उन्हात पडून राहिलेली लाकडी होडी पाण्यात लोटली की सुरुवातीला गळते. फळ्या फुगल्या की सांधे आपोआप बसतात. म्हणजे होडीवाल्याला फुगणे हवे असते आणि हौदेवाल्याला ते नको असते. आणि पाण्याला त्याच्याशी काही देणेघेणे नाही.

आम्ही दोघांनी मग फटीचा हिशेब केला. बोल्ट ८ मि.मी. जाडीचा. जुलैत फळ्यांमध्ये १२ टक्के पाणी होते. झडीच्या दिवसांत ते आणखी तीन टक्के वाढले, तर दीडशे मि.मी.ची फळी दीड मि.मी. फुगेल. म्हणजे फट साडेनऊहून मोठी हवी. सुरक्षेसाठी ११ मि.मी. ठरवली. हिवाळ्यात पुन्हा ६ टक्के झाले की प्रत्येक फळी ३.१ मि.मी. आकसेल आणि फट १४ मि.मी. होईल, तरी पट्टीखाली झाकलेली राहील. प्रत्येक फळीच्या दोन्ही कडांचे मिळून सुमारे १३ मि.मी. लाकूड काढले. अर्धगोल खाचा त्यातच गेल्या. खाचा गेल्या तेव्हा ते म्हणाले, ‘चूक काढून टाकायला एवढाच भुसा लागला.’

फळीची कोणती बाजू वर ठेवायची, यावरही आमचा बराच खल झाला. स्पर्शिकेच्या दिशेने कापलेली फळी वाळताना सालीकडच्या अंगाला खोलगट होते, जणू तिच्यातली वलये सरळ व्हायला बघतात. मग सालीची बाजू वर ठेवली तर फळीची पन्हळ होणार आणि पाणी साचणार. तेव्हा साल खाली, गाभा वर, असे ठरले. शिवाय या वेळी व्हार्निश फक्त वरून न देता सहाही बाजूंनी दिले. एकच बाजू बंद केली तर खालची बाजू पाणी पिते, वरची पीत नाही, आणि फळी वाकते. टोकांची काळजी सर्वांत जास्त, कारण पेंढीतल्या ताटांची तोंडे तिथेच उघडी असतात.

आणखी एक गोष्ट काम करताना दिसली. साध्या लोखंडी बोल्टांभोवती ओक शाईसारखा काळा पडला होता. शाईसारखा नव्हे, शाईच ती. ओकमध्ये टॅनिन असते. लोखंडाशी त्याचा संयोग झाला की काळा रंग तयार होतो. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करीत, ती हीच रासायनिक क्रिया. घट्ट कोरा चहा आणि एक गंजका खिळा रात्रभर ठेवून पाहा. नवे बोल्ट आम्ही स्टेनलेस पोलादाचे घेतले.

तुम्ही करून पाहा

शिक्षकांसाठी एक प्रयोग सुचवतो. फळांच्या पेटीची किंवा आंब्याच्या लाकडाची दहा सें.मी. रुंद फळी घ्या. करवतीने तिचा आडवा काप काढा. काप पाच मि.मी. जाड असावा, म्हणजे तंतू फार तोकडे राहतील आणि पाणी लवकर आत-बाहेर करील. त्याच फळीतून लांबीच्या दिशेने दहा सें.मी.ची एक काडीही कापा. दोन्हींची लांबी व्हर्नियर कॅलिपरने मोजा, वजन करा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी पुन्हा मोजा. कापाची रुंदी काही मि.मी.नी वाढलेली दिसेल. काडीची वाढ व्हर्नियरला जेमतेम कळेल किंवा कळणारही नाही. मग दोन्ही वस्तू १०३ ते १०५ अंश से. तापमानाच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. भिजवण्यापूर्वीचे वजन ४६ ग्रॅम आणि कोरडे ४० ग्रॅम आले असे समजा. तर मूळच्या लाकडातला ओलावा सहा भागिले चाळीस, म्हणजे १५ टक्के. भागायचे कोरड्या वजनाने, हे विसरू नका. मुले इथे हमखास चुकतात.

वेताचा वीतभर तुकडा एका टोकाने पाण्यात धरून दुसऱ्या टोकाने फुंकला तर बुडबुडे येतात. लाल ओकच्या कांडीतूनही तसे येतात, पांढऱ्या ओकमधून येत नाहीत. त्याच्या नळ्या झाडातच आतून बुजलेल्या असतात. पिंपे पांढऱ्या ओकचीच का करतात ते यावरून समजेल.

आणि एक उदाहरण सोडवायला. रत्नागिरीत भर पावसाळ्यात लाकडात १७.५ टक्के पाणी असताना ९०० मि.मी. रुंदीचे सागवानी टेबल बनवले. ते मे महिन्यात नागपूरला नेऊन ठेवले. तिथे लाकडातले पाणी ४.५ टक्क्यांवर आले. फळ्या स्पर्शिकेच्या दिशेने कापलेल्या आहेत. पाटाची रुंदी किती कमी होईल? तीस टक्क्यांना ५.८ हे प्रमाण धरा. असे टेबल चारी बाजूंनी खिळ्यांनी पक्के करणाऱ्या सुताराला काय सांगाल?

मी ऑगस्टमध्ये परत आलो. पत्रे त्यांनी लाकडी हातोडीने हळूहळू ठोकून पुष्कळसे सरळ केले होते आणि फाळका लागू लागला होता. अक्षराचा पोपडा मात्र चिकटवला नाही. चिकटवून बघितला, पण कडा जुळेनात, म्हणून काड्यापेटी गाडीच्या कप्प्यात ठेवून दिली.

जानेवारीत भावाने फोनवर छायाचित्रे पाठवली. म्हाताऱ्यांनी एकेक पट्टी सोडवून प्रत्येक फटीत मोजपट्टी ठेवून फोटो काढले होते. माझे भाकीत १४ मि.मी. होते. चार फटी चौदाच्या आसपास होत्या, दोन साडेतेरा. सहाव्या आणि सातव्या फळीमधली फट मात्र साडेबाराच होती. मी बराच वेळ त्या छायाचित्राकडे पाहत राहिलो. मग दिसले: सहावी आणि सातवी या त्याच चकचकीत पट्ट्यांच्या फळ्या. ओक त्रिज्येच्या दिशेने कापला गेला की पेशींचे ते आडवे पट्टे फळीच्या पृष्ठभागावर उघडे पडतात आणि चमकतात. त्या दोन फळ्या ओंडक्याच्या मध्यातून निघालेल्या होत्या. त्यांना १०.५ नव्हे, ५.६ टक्के लावायला हवे होते. तसे लावून पाहिले तर फट १२.७ येते. आणि जुलैतला माझा २६.७ चा आकडाही दोन फळ्यांपुरता दुरुस्त केला, तर तो साडेतेवीसच्या किंचित वर येतो. म्हणजे फळ्यांच्या कडा चुरडल्या वगैरे काही नव्हत्या. त्यांचा खडूने लिहिलेला २४ बरोबर होता.

छायाचित्रांसोबत एकच ओळ होती. लाकूड आकसल्यामुळे सगळे नट पाव फेरा सैल झाले होते, ते पुन्हा आवळले आहेत.